मागं राहिलेल्यांचा पगार

तुम्ही हा अंक हातात घ्याल तेव्हा बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात ट्रॅक्टर लागलेले असतील. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज. बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या या तालुक्यांत दिवाळी म्हणजे निघण्याची घाई. भाऊबीज उरकते न उरकते तोच मुकादमाचा निरोप येतो. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या चढतात, बाजरीची पोती चढतात, कोपी उभारायला लागणारे बांबू आणि ताडपत्र्या चढतात, शेळी चढते, कोंबड्यांचं खुराडं चढतं आणि या सगळ्याच्या वर बायका आणि अंगावरची लेकरं. गाड्या बहुधा रात्रीच्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकातला कारखाना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून चक्कर मारली तर गल्लीच्या गल्ली कुलपात दिसते. ज्या घराला कुलूप नाही त्या घराच्या ओसरीवर एखादं म्हातारं माणूस बसलेलं असतं.

ऊसतोडीवर मराठीत कमी लिहिलेलं नाही. फडावरचं जगणं, उचल, मुकादमाची दमदाटी, शाळा सुटलेली लेकरं, सगळं येऊन गेलं आहे. पण लिहिणारे गाडीबरोबर जातात. मीही पूर्वी तसाच गेलो होतो. २०२४ च्या हंगामात पहिल्यांदा गाडी गेल्यावर गावात मागं राहिलो. नंतर आणखी दोन-तीन खेपा झाल्या. गावाचं नाव इथं लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. ज्यांचे कागद अर्ध्या वाटेत अडकलेत त्यांची नावं छापून त्यांचं काही भलं होत नाही, झालं तर नुकसानच होतं.

मी उतरलो होतो माझ्या चुलत आत्याकडे. पस्तीस हंगाम तिने ऊस तोडला. तिच्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, मास्तरकी लागली आणि आमचं घर कोयत्यातून सुटलं. तिचं सुटलं नाही. नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली. दोन मुलगे, दोघेही जोडीने तोडीला जातात. त्यांची तीन लेकरं हंगामभर आत्याकडे असतात. अशा लेकरांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळेत जेवण मिळतं, झोपायला घरी. कागदावर लेकरू आजीच्या हवाली असतं. आजी कोणाच्या हवाली असते, हा रकाना मला कोणत्याच अर्जात सापडला नाही.

पहाटे पाचला आत्या उठते. गुडघे चोळत पंधरा-वीस मिनिटं बाजेवरच बसते, मग उभी राहते. ऊसतोडीतली बाई साठीला पोचते तेव्हा तिचं शरीर ऐंशीचं झालेलं असतं, हे डॉक्टरने सांगायची गरज नाही. तोडलेल्या उसाची मोळी तीस-चाळीस किलोची. ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, दिवसातून कितीतरी वेळा, अंधारात, पाय घसरेल तिथे. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि वाहते. या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. एकटं माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. नवरा मेला की बाई अर्धी होते ती अशी, थेट हिशेबाच्या वहीत.

त्यात गर्भाशय काढलेल्या बायका. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेव्हा चर्चा झाली ती दवाखान्यांची आणि पाळीच्या दिवसांतल्या खाड्याची. त्या बायका आता पन्नाशी-साठीकडे निघाल्या आहेत. ऐन तारुण्यात अंडाशयासकट शस्त्रक्रिया झाली की हाडं लवकर ठिसूळ होतात. गावात अशा बायका चालण्यावरून ओळखू येतात. कमरेवर हात ठेवून, एक पाय जरा ओढत.

मग एक दिवस मुकादम उचल द्यायला नाही म्हणतो. तोडणी कामगाराची निवृत्ती ती हीच. निरोप समारंभ नाही, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. ‘औंदा मुकादमानं उचल दिली नाही’ एवढं एक वाक्य. ज्या कारखान्याला पस्तीस वर्षं ऊस घातला त्या कारखान्याच्या कोणत्याही रजिस्टरात त्या माणसाचं नाव नसतं. नाव मुकादमाच्या वहीत, आणि वही मुकादमाची. महाराष्ट्राला हे सोडवता येत नाही असं नाही. १९६९ मध्येच या राज्याने माथाडी कायदा केला. मालक रोज बदलला तरी हमालाचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मंडळाकडे जमा होत राहते, अशी ती सोय. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्या पिढीने ती लढून घेतली. मुंबई-पुण्याच्या बाजारात पाठीवर पोतं घेणाऱ्याला जे मिळालं ते फडात डोक्यावर मोळी घेणारीला अजून मिळालेलं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झालंय, टनामागे पैसे घ्यायचंही ठरलंय. पण आत्याच्या वयाच्या लोकांना त्यातून म्हातारपणाचा एक रुपया आलेला मी पाहिला नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण सगळा घोळ तिथे आहे.

गावातली म्हातारी माणसं सरकारच्या महिन्याच्या पैशाला ‘पगार’ म्हणतात. ‘पगार आला का?’, ‘तिचा पगार चालू झाला’, ‘माझा पगार तटला’. सुरुवातीला मला हसू यायचं. मग ध्यानात आलं की त्यांच्या मनात हिशेब पक्का आहे: आम्ही काम केलं, त्याचे हे पैसे. सरकारचा शब्द मात्र ‘निराधार’. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची, ६५ च्या आतल्यांसाठी. ६५ झाले की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना, तिच्यात केंद्राचे २०० रुपये, ऐंशीनंतर ५००. हे २०० रुपये २००७ पासून २०० च आहेत, वरची भर राज्य घालतं. सगळी गोळाबेरीज २०१९ पर्यंत महिना ६०० रुपये होती, मग १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली. दिवसाला ५० रुपये.

जाता जाता एक. श्रावणबाळाची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, कावड आणि आंधळे आईबाप. त्या गोष्टीत श्रावणबाळ मरतो तो राजाच्या बाणाने. योजनेला नाव देणाऱ्याने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली होती का कोण जाणे.

श्रावणबाळला अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवं. एकट्या म्हातारीचं नव्हे, कुटुंबाचं. दिवसाचे ५७ रुपये. आता हेच उसात मोजू. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाले. ५८ टन ऊस तोडला की २१,००० ओलांडले. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडतो. म्हणजे दिवाळीनंतर गेलेला मुलगा आणि सून डिसेंबर उजाडून अर्धा होईपर्यंत म्हातारीला अपात्र करतात. त्यांनी ते पैसे आधीच उचल म्हणून घेऊन बहिणीच्या लग्नात किंवा दवाखान्यात घातलेले असतात, ही गोष्ट वेगळी.

मग एवढी माणसं पात्र ठरतात कशी? उत्पन्नाच्या दाखल्याने. दाखल्यावर २१,००० लिहिलेलं असतं. अर्जदाराला ठाऊक असतं की हा आकडा खरा नाही, लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, सही करणाऱ्याला ठाऊक असतं. अट इतकी खाली बांधली आहे की खरं बोलून आत शिरताच येत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून एक खोटं बोलायचं ठरवलं आहे. याला मी भ्रष्टाचार म्हणायला तयार नाही; बऱ्याचदा ती दयाच असते. पण दया ओळखीवर चालते. ज्याचा भाचा सेवा केंद्रात बसतो, ज्याची सून बचत गटात आहे, ज्याच्या दारात सरपंच चहा पितो, त्याचा दाखला आठ दिवसांत निघतो. जिला खरोखरच कोणी नाही, तिच्यासाठी हे खोटं कोण बोलणार? गावाच्या वरच्या अंगाला एक म्हातारी राहते. मूलबाळ नाही, दीर-पुतण्यांशी बोलणं नाही, नजर अधू. तिचा अर्ज कधी भरलाच गेला नव्हता. गावात पगार घेणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी मी वहीत लिहीत होतो तेव्हा तिचं नाव कोणाच्या तोंडून आलं नाही. तिच्या घरावरून मी तीनदा गेलो होतो.

अर्ज भरला तरी तालुक्याची समिती असते. पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमलेला अध्यक्ष, सोबत सदस्य आणि तहसीलदार. समितीची बैठक होईल तेव्हा अर्ज मंजूर होणार. सरकार बदललं की समिती जाते, नवी नेमली जाईपर्यंत फायली थांबतात. गावातल्या लोकांना राज्यातली उलथापालथ टीव्हीआधी इथे कळते. तहसीलच्या व्हरांड्यात दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, काठ्या टेकून बसलेली माणसं असतात. प्रत्येकाजवळ प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकची आणखी एक पिशवी, तिच्यात झेरॉक्स. मी एका बाबांच्या पिशवीतले कागद मोजले. एकोणीस निघाले. त्यांतल्या पाच कागदांवर त्यांचं वय पाच तऱ्हेचं होतं.

वयाचं प्रकरण मोठं गमतीचं आहे, ज्याच्यावर बेतलं नाही त्याच्यासाठी. या पिढीची जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. आधारचं शिबिर लागलं तेव्हा यंत्रावरच्या पोराने चेहऱ्याकडे बघून साल टाकलं आणि तारीख टाकली १ जानेवारी. अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीला येतो. आत्याच्या कार्डावर ०१/०१/१९६१ आहे. बहात्तरच्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती असा त्याचा अर्थ. पण त्या दुष्काळात तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि पहिलं मूल जाऊन एक. ती गावामागच्या पाझर तलावावर खडी फोडायला जायची. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर वाटायची ती सुकडी, यांची चव तिला आजही सांगता येते. हातावरचा एक व्रण ती त्या खडीचा म्हणून दाखवते. सरकारी कार्यालयात व्रण चालत नाही.

पण त्याच चुकीने तिला एक लॉटरी लावली. खऱ्या वयाने बहात्तरीला आलेली आत्या कार्डावर ६५ च्या आत राहिली, म्हणून जुलै २०२४ पासून ती ‘लाडकी बहीण’ झाली. वय २१ ते ६५, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, महिना १,५००. आकडा श्रावणबाळचाच, आणि उत्पन्नाची अट जवळजवळ बारापट सैल. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावाने खात्यात पैसे आले. पुढे ई-केवायसी आलं, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला. नवरा जाऊन बारा वर्षं, वडील जाऊन चाळीस. ‘आता वर जाऊन घिऊन येते म्हणावं,’ आत्या म्हणाली. ज्यांचे दोघंही गेले त्यांची सोय नंतर झाली, पण तोवर तिच्या सेवा केंद्राच्या चार फेऱ्या झाल्या होत्या, दर खेपेला जीपचं भाडं देऊन.

१ जानेवारी २०२६ ला ती कागदावर ६५ ची होते. त्या दिवशी बहीण लाडकी राहत नाही. पुढचा मुक्काम श्रावणबाळ, आणि अडीच लाखांची मर्यादा एका रात्रीत २१,००० वर येते. तीच बाई, तेच घर, तेच दुखणारे गुडघे. आदल्या दिवशी जिला मदतीची गरज आहे असं सरकार म्हणत होतं, ती दुसऱ्या दिवशी सधन ठरते. हा खड्डा मुद्दाम कोणी खणलेला नाही. दोन योजना दोन काळात दोन हेतूंनी झाल्या आणि मधली फट कोणी बघितली नाही. मतदार म्हणून पस्तिशीची बाई आणि पासष्टीची बाई यांच्यात सत्तेला काय फरक वाटतो, हे मात्र त्या फटीतून स्वच्छ दिसतं.

एसटीचा हिशेबही असाच. पंचाहत्तरी गाठली की ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे. आत्याच्या खऱ्या वयाने तीन वर्षं राहिली, कार्डाच्या वयाने अकरा. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तिचं भागतं. एसटीचं अर्धं तिकीट ही या भागात म्हाताऱ्या बायकांना मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं माझं मत झालं आहे. कारण तिला अर्ज नाही, समिती नाही, दाखला नाही. बाई आहे, बसली, अर्धं भाडं दिलं. बायका लेकीच्या गावाला जाऊ लागल्या, आळंदी-पंढरीला जाऊ लागल्या. गरज सिद्ध करायला लावली नाही की योजना कशी चालते, त्याचा हा नमुना. फक्त आमच्या गावात एसटी दिवसातून एकदाच येते.

आता बोटांचं. डिसेंबर २०२४ पासून राज्याने या योजनांचे पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात टाकायला सुरुवात केली. हेतू चांगला. मधले हात कमी झाले हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. पण ज्यांचं आधार खात्याला जोडलेलं नव्हतं किंवा जोडलेलं असून नावात वेलांटीचा फरक होता त्यांचा पगार कित्येक महिने तटला. आणि पैसे आले तरी ते हातात पडायला बोट लागतं. बँकेची शाखा वीस किलोमीटरवर, म्हणून लोक गावच्या ग्राहक सेवा केंद्रात जातात. एक खोली, एक लॅपटॉप, एक बोटाचं यंत्र. पस्तीस वर्षं कोयता आणि उसाची कुसळं यांनी बोटावरच्या रेषा पुसून टाकलेल्या. यंत्र लाल दिवा लावतं. मग केंद्रवाला पोरगा आपल्या परीने उपाय करतो: ओलं फडकं, खोबरेल तेल, लिंबाची फोड. अंगठा नाही तर तर्जनी, उजवा नाही तर डावा. ‘आज्जी, जरा दाबून.’ ‘आता किती दाबू, मोडंल.’ रेशनच्या दुकानातही हेच. ज्या कामाने रेषा गेल्या त्या कामाचा पुरावा म्हणून खरं तर ती बोटंच धरायला हवीत.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला. म्हातारं माणूस स्वतः उभं राहून मी जिवंत आहे असं सांगतं, कागद होतो, कागद तालुक्याला जातो. नाही गेला तर पगार बंद. गावात एक नव्वदीचे बाबा आहेत, दोन वर्षं झाली बाजेवरून उठलेले नाहीत. दाखल्यासाठी त्यांना नेणार कोण, मुलगा-सून कर्नाटकात. पगार तटला होता. तशात नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आली. ८५ च्या वरच्या मतदारांना घरी मतदान करता येतं. एक दिवस जीप आली. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. पुठ्ठ्याचा आडोसा बाजेवर उभा केला, बाबांनी थरथरत्या हाताने मत दिलं, पाकीट बंद झालं, व्हिडिओत सगळं टिपलं गेलं. काम नीट, अदबीने झालं. निघताना बाबांनी विचारलं, ‘सायब, पगाराचं काय?’ साहेब म्हणाले, ते आमच्याकडे येत नाही.

ते खोटं बोलत नव्हते. ते खातं वेगळं. पण त्या दिवशी राज्याच्या चार प्रतिनिधींनी, पोलिसासह, एक माणूस जिवंत असल्याचं डोळ्यांनी पाहिलं आणि चित्रित केलं. आणि तो माणूस दुसऱ्या एका फायलीत मेलेलाच राहिला.

दुसरीकडे काय आहे? आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून म्हातारपणाची पेन्शन ४,००० रुपये झाली आणि सरकारी कर्मचारी ती घरी आणून देतात. गोवा तर आपल्याला लागूनच. तिथे दयानंद बांदोडकरांच्या नावाची सामाजिक सुरक्षा योजना साठीपासून २,००० देते. मोठं राज्य, पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न विचारणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. शहरातला पगारदार महिन्याला थोडं देईल आणि त्यातून डोंगरातल्या बाईच्या हाताला काम मिळेल, असा तो करार होता. तुमच्या माझ्या पगारपत्रकावर ती कपात अजूनही दिसते. आत्या खडी फोडत होती तेव्हा शहराने तिचं देणं मान्य केलं होतं. आता तिचे हात थकले तर तो करार कुठे गेला?

आकडेवारीची आवड असणाऱ्यांसाठी: मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी २०२३ मध्ये भारतातल्या वृद्धांवर अहवाल काढला. देशातल्या वृद्धांपैकी ४० टक्क्यांहून जास्त सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यात मोडतात आणि सुमारे १९ टक्क्यांना कसलंच उत्पन्न नाही. साखर कारखान्याच्या आतल्या कायम कामगाराचंही फार बरं नाही. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवर बसून आहे, आणि ते निवृत्त लोक ७,५०० मागत वर्षानुवर्षं आंदोलन करत आहेत.

आणि मुलगे? शहरातले वाचक इथपर्यंत येऊन हेच विचारतील. आईबापांना सांभाळण्याबद्दलचा २००७ चा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करता येतो, महिना १०,००० पर्यंत पोटगी मिळू शकते. मी गावात विचारलं. कायदा कोणाला ठाऊक नव्हता, आणि समजावून सांगितल्यावर लोक माझ्याकडे असे बघू लागले की मी काही अश्लील बोललो. पोरावर खटला? त्याच्याकडं हाय काय? मुलगे दुष्ट नाहीत. स्वतः उचलीत बुडालेले आहेत. काही घरांत वाटण्या झाल्या तेव्हा जमिनीबरोबर आईबापही वाटले गेले. बाप थोरल्याकडे, आई धाकट्याकडे, नाहीतर महिन्याची पाळी. एका बाईने मला सांगितलं, तिच्या पाळीत ३१ चा महिना कोणाचा यावरून सुनांत भांडण झालं. सांगताना ती हसत होती. पन्नास वर्षं एका चुलीवर जेवलेलं जोडपं एकाच गल्लीत दोन घरांत जेवतं, आणि संध्याकाळी पारावर भेटतं. सुना हंगामाला जाताना पीठमीठ भरून ठेवतात. ज्वारी, डाळ, तेल, चटणी. साखर-चहा संपतो तो जानेवारीत. भाजी तर आठवड्याच्या बाजारापलीकडे नाही. दात नसल्याने भाकरी आमटीत कुस्करून खायची, आमटी नसेल तर पाण्यात. एकट्यापुरती आमटी कोण करतं, असं सगळ्याच म्हणतात.

गावात जानेवारीत एक मयत झालं. ऐंशीच्या पुढचे एक बाबा रात्री गेले. पहाटे मोबाईलवर निरोप गेला, मुलगे साताऱ्याकडच्या फडात. मुकादमाने सोडलं, पण गाडी ठरवून यायला संध्याकाळ झाली. तोवर बाबांना ओसरीवर ठेवलेलं. प्रश्न खांद्याचा होता. गावात चालते-फिरते पुरुष सहा, त्यांतले दोन दम्याचे. शेवटी शेजारच्या वस्तीवरून चार पोरं आणली, शाळेच्या मास्तरांनी खांदा दिला, मीही दिला. आमच्याकडे अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात. ‘मातीला गेलो होतो’, ‘माती कवा हाय?’ त्या मातीला मुलगे पोचले, पण गाडीचे साडेसात हजार झाले, आणि ते पुन्हा उचलीत चढले.

त्या रात्री आत्याने पोरं झोपल्यावर कणगीत हात घालून एक स्टीलचा डबा काढला. लाडक्या बहिणीचे पैसे. दर महिन्याला ती गोळ्यांना तीनशे काढते, पोरांच्या खाऊला आणि वहीपेनाला काही, चहा-साखर, आणि उरतील ते या डब्यात. ‘माझ्या मातीचे,’ ती म्हणाली. ‘पोरं तिकडं असताना मेले तर गाडीभाडं त्यांच्या डोक्यावर नको. मोज बरं, मला नोटा उमजत नाहीत रातच्या.’

मी मोजले. चार हजार सहाशे.

‘दोघं दोन कारखान्यावर असतील तर दोन गाड्या लागतील,’ तिने बोटं मोडत हिशेब केला. कागदावर ६५ झाली की पैसे येणार नाहीत हे तिला मी तेव्हा सांगितलं नव्हतं, अजून सांगितलेलं नाही.

डबा बंद करता करता ती थांबली.

‘पुण्याहून यायला तुला किती लागतात रं? का तुझं भाडं बी यातच धरू?’